सहा-चाळीसला पोरगी रडली

२ फेब्रुवारी

ज्योतिषाचार्य यांस,

मायना असाच घालणार आहे. घरातलं नाव लिहिलं तर राग निम्मा होईल, आणि मला तो अख्खा हवाय. फोन करत नाही, कारण फोनवर मला माझाच आवाज ऐकू येतो आणि मग तुझं फावतं.

तुझं पाकीट सोमवारी आलं. वर माझ्या लेकीचं नाव, तुझ्या त्या वळणदार अक्षरात. तिने ते आपल्या वाद्यांच्या दुकानातच फोडलं. लाकूड चिकटवायचा सरस शेगडीवर चढला होता आणि माझ्या दोन्ही हातांत एका व्हायोलिनची मान होती, नाहीतर ते पाकीट मी आधी हिसकावून घेतलं असतं. चार पानं पत्रिका, एक पेनड्राइव्ह आणि 'तुझा मामा' अशी सही. सात वर्षांत तिला एक ओळ लिहिली नाहीस, आणि लिहिलीस ती ही.

तू काय लिहिलंयस ते तुलाच परत वाचून दाखवते. 'तुझा शनीचा स्वर आणि चंद्राचा स्वर एकमेकांना कापतात. अठराव्या वर्षी छातीला धोका. वाद्य छातीशी धरू नये. घर सोडून लांब जाऊ नये.' अरे, ती चेलो वाजवते. चेलो छातीशी नाही धरायचा तर काय डोक्यावर घ्यायचा? आणि तिला अठरावं आत्ताच चालू आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला असं लोक करतात, पण तू तर शांतपणे बसून, चार पानं, समास सोडून लिहिलंयस.

तिने पेनड्राइव्ह लावला. तुझं ते 'जन्मस्वर' नावाचं संगीत वाजायला लागलं. मला माहीत नव्हतं तू कसं करतोस ते, तिने समजावलं. बारा घरं म्हणजे बारा स्वर. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवते ते लग्न, तो सा. त्या 'सा'पासून ज्या घरात जो ग्रह, तो त्याचा स्वर. मग सगळे एकदम वाजवायचे. बरं, कुणाही साध्या माणसाला ते ऐकून काही वाटलं नसतं. पण ही कानाची पोर. शनी आणि चंद्र शेजारशेजारच्या स्वरांवर पडलेत, अर्ध्या स्वराचं अंतर, तिथे ती दातात खडा आल्यासारखी खरखर आहे ना, ती तिने तीनदा ऐकली. मग म्हणाली, "आई, मला वाजवताना इथे असंच होतं." आणि छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, छाती ठणठणीत आहे, भीतीने श्वास अडकतो. मी म्हटलं, कळलं का. ती म्हणाली, मामाने अठरावं वर्ष म्हटलंय, वर्ष संपायचंय अजून. चेलो पेटीत घालून तिने तिच्या खोलीत उभा करून ठेवलाय. चोवीस तारखेला संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा आहे. चार वर्षं ती या तारखेसाठी जगलीय. चेलोच्या मास्तरांना जाऊन सांगून आली की मी येत नाही. मास्तर शहाणा माणूस आहे, तो म्हणाला, वीस तारखेपर्यंत मी नाव खोडत नाही, मग बघू.

म्हणजे तुझ्याकडे अठरा दिवस आहेत. तिला पत्र लिही. लिही की हे सगळं थोतांड आहे, आणि चेलो बाहेर काढ.

मी फोनवर जे म्हणाले ते म्हणाले. दोन शब्द सांग म्हणाले होते. छातीला धोका लिही असं म्हणाले नव्हते.

तुझी बहीण, नाइलाजाने

&nbsp;

६ फेब्रुवारी

ज्योतिषाचार्य यांस,

तुझं उत्तर अजून नाही, पण मला आता त्याची वाट बघायचीही गरज उरली नाही. तू सापडलास.

बाबांची वही आज परत आली, जानेवारीत मागवून घेतली होतीस ती. तुझ्याकडून, वेगळ्या पुडक्यात. पाठवलीस हे बरं केलंस, आणि आतली खूण काढायला विसरलास हे त्याहून बरं केलंस. निळ्या कागदाचा कपटा, बरोबर त्या पानावर. मी उघडलं आणि उभ्या उभ्या हसायला लागले. गिऱ्हाईक समोर होतं, एक सनईवाला गृहस्थ, तो घाबरून उद्या येतो म्हणाला.

पान असं आहे. तारीख तीच, माझ्या लेकीच्या जन्माची. खाली बाबांच्या अक्षरात: 'सकाळी ६.४०. पोरगी रडली.'

आणि तू तिच्या पत्रिकेवर काय लिहिलंयस? जन्मवेळ सकाळी सहा चाळीस.

अरे गाढवा. पोरगी रडली म्हणजे काय हे तुला सांगायला हवं? आपण दोघं त्या भुशात वाढलोय. नवीन वाद्याला तारा चढवल्या, आतला दांडा उभा केला, घोडी बसवली आणि पहिल्यांदा गज फिरवला की जो आवाज येतो त्याला बाबा काय म्हणायचे? वाजली म्हणायचे का? रडली म्हणायचे. पहिल्या दिवशी कुणी गात नाही, रडतंच, असं म्हणायचे. त्या वहीत दोनशे पोरी रडल्यात आणि दीडदोनशे पोरं. व्हायोलिन पोरगा, चेलो पोरगी. तू स्वतः लहानपणी त्या नोंदी करायचास, 'रडला'तला 'ड' उलटा काढायचास.

त्या दिवशी सकाळी सहा-चाळीसला जी रडली ती चेलो होती. माझ्या पोटात पोर होती तेव्हाच बाबांनी तिच्यासाठी लाकूड कापलं होतं. गज फिरवून झाला आणि मला दवाखान्यात न्यायची वेळ झाली. माझी लेक दुपारी सव्वादोनला जन्मली. बाबांनी ती वेळ वहीत लिहिली नाही, कारण वही दुकानाची होती.

म्हणजे तू एका चेलोची पत्रिका मांडलीस, ज्योतिषाचार्य. लाकडाचं लग्न काढलंस. चार पानं भाकीत, आणि ते कुणाचं, तर देवदार आणि मेपलचं. 'विवाहयोग उशिरा' असंही आहे त्यात, तो तर मला फारच पटला.

सा चुकला तुझा. ज्योतिष मला कळत नाही, पण सा चुकला की पुढे कितीही सुरात गा, सगळं बेसूर, हे मला कळतं. साडेसात तासांत लग्न चार घरं पुढे गेलं. ग्रह तेच, जागच्या जागी, पण एकूण एक स्वर वेगळा.

तर आता काम सोपं आहे. तिला एवढंच लिही: वेळ चुकली, ही तुझी पत्रिका नव्हे. एका ओळीचं काम आहे.

तू विचारशील, तूच का नाही सांगत. मी सांगून उपयोग नाही. तिला वाटेल मी तिला चुचकारतेय. तुझ्याकडून आलेलं तुझ्याकडूनच मागे जायला हवं. आणि लिहिताना फोनचं मध्ये आणू नकोस. त्याची काही गरज नाही.

ताई

&nbsp;

११ फेब्रुवारी

तुझं कार्ड मिळालं. 'ग्रह चुकत नाहीत ताई. सविस्तर लिहितो.' सहा शब्दांचं कार्ड. माणूस आगीत उभा असला तर त्यालाही तू असंच कळवशील, की पाण्याबद्दल सविस्तर लिहितो.

आता तुला बातमी देते. तुझं भाकीत खरं ठरलं. कर साजरं.

काल तिच्या खोलीतून टाळी वाजावी तसा आवाज आला. मी खालून पळत गेले. ती कॉटवर बसली होती, पेटीकडे बघत. पेटी हीटरच्या शेजारी. नऊ दिवस बंद, कोरड्या खोलीत, हीटर चालू, वाजवणं नाही, आतली ओलाव्याची पिशवी सुकून खडखडीत. रोज वाजवत असती तर पिशवी रोज भिजवली असती, रोज हात लागला असता, आणि हीटरशेजारी ठेवलाच नसता. मी पेटी उघडली. छातीला चीर. उजवीकडे, घोडीच्या पायापासून खालपर्यंत, वीतभर.

वाद्याच्या पुढच्या फळीला आपण छातीच म्हणतो. अठराव्या वर्षी, छातीला. तू लाकडाची पत्रिका मांडलीस आणि ती लाकडाला लागू पडली.

माझ्या लेकीने ती चीर बघितली आणि पांढरीफटक पडली. मी तिला सांगू शकले असते की हे भाकीत तुझं नव्हे, या चेलोचं होतं, झालं ते झालं, संपलं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, हीटरशेजारी ठेवायला अक्कल नाही का तुला. तिने दार लावून घेतलं.

ग्रहांमुळे नाही चीर पडली. तुझ्या पत्रामुळे पडली. तू लिहिलंस म्हणून तिने बंद केला, बंद केला म्हणून सुकला, सुकला म्हणून फुटला. यात शनी कुठे आला ते मला दाखव. मी याला अपघात म्हणते, तू योग म्हणशील, आणि वर दक्षिणा घेशील.

बाबांनी आपल्याला याच दुकानात ग्रह शिकवले होते, आठवतंय का? मधल्या स्टुलावर दिवा, तो सूर्य. मी आतल्या वर्तुळात चालायची, पृथ्वी. तू बाहेरच्या, शनी, हळू, रेंगाळत, तुला ते जमायचंही झकास. मी तुला गाठून पुढे निघाले की मागच्या भिंतीवरच्या करवती-पटाश्यांसमोर तू उलटा सरकताना दिसायचास. बाबा विचारायचे, तो मागे गेला का? मी म्हणायची, हो. ते म्हणायचे, नाही, तो पुढेच चाललाय, तू भरभर गेलीस म्हणून तुला तसं दिसलं, याला वक्री म्हणतात. मग ते फिरायच्या वेगावरून सूर लावायचे. सूर्याजवळ ग्रह पळतो, सूर चढतो, लांब गेला की मंदावतो, सूर उतरतो. बुध आख्खं सप्तक पळायचा. शुक्र एकाच सुराला चिकटून. आणि पृथ्वी फक्त अर्धा स्वर वर, अर्धा स्वर खाली. मी रडले होते, मला एवढाच सूर का म्हणून. एकाच बापाने एकच गोष्ट शिकवली, आणि तू त्यातून धंदा काढलास.

आणि बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस उशिरा आलास. कारण विचारलं तर म्हणालास, प्रवासाला दिवस चांगला नव्हता. ते मी विसरले नाहीये. ते आज लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं, राहू दे.

मी आज छाती उघडली. पातळ सुरीने कडेकडेने सरस सोडवला, जसा बाबा सोडवायचे तसा. चीर स्वच्छ आहे, एवढं नशीब. नऊ दिवस उरलेत. चेलोचं माझं मी बघते. तू पोरीचं बघ. तिला लिही.

&nbsp;

१६ फेब्रुवारी

तुझं सविस्तर पत्र मिळालं.

चारदा वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर चुलीत घालणार होते. सरसाची शेगडी आहे म्हणून घातलं नाही, कागदाची राख सरसात पडते.

तुझं वाक्य तुलाच परत लिहून पाठवते, म्हणजे तू उद्या म्हणायला नको की मी वाचलंच नाही. 'ताई, रडलीचा अर्थ मी विसरेन असं तुला खरंच वाटलं? मला माहीत होतं ती वेळ चेलोची आहे. तिची खरी वेळ मला फोनवर तूच सांगितलीस, सव्वादोन. मी ती पत्रिका आधी मांडली. सूर्य नवव्या घरात, गुरूची दृष्टी. लांबचा प्रवास, मोठी विद्या, मोठे गुरू. पत्रिका ओरडून म्हणत होती, जा. आणि तू म्हणाली होतीस, तिला थांबव, तुझं ऐकेल. खऱ्या पत्रिकेवर मला खोटं लिहिता येत नाही. म्हणून मी वही मागवली आणि चेलोची मांडली. त्यात जे दिसलं तेच लिहिलं. एक अक्षर खोटं नाही.'

एक अक्षर खोटं नाही. बढाई तरी बघा. अरे, एखाद्याचा एक्स-रे दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, हाड मोडलेलं खरंच आहे. आणि तू स्वतःला प्रामाणिक म्हणवतोस. चष्म्याच्या दुकानावरच्या तुझ्या त्या खोलीत बसून तुला लाज वाटली नाही? 'नाही ताई, मी हे करणार नाही' एवढं म्हणायला काय झालं होतं? तू लहानपणापासून असाच. मी म्हटलं उडी मार की तू मारायचास, आणि पाय मोडला की माझ्याकडे बोट.

पण बोट बरोबर ठिकाणी दाखवलंयस. लिहिते आता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार, म्हणून तुलाच.

हो, म्हणाले होते मी. जानेवारीच्या नऊ तारखेला फोन केला. सात वर्षांनी केला, आणि तुझी विचारपूस करायला नाही केला. आधी दहा मिनिटं हवापाण्यावर बोलले. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. मग म्हणाले, ती परीक्षेत निवडली जाणार, मास्तर म्हणतो जाणारच, आणि मग चार वर्षं लांब. मग म्हणाले, तू तिला सांग. मग जे म्हणाले ते तू लिहिलंच आहेस. थांबव तिला. तुझ्या धंद्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि गरज पडली तेव्हा त्याच धंद्याच्या दारात गेले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

का म्हणाले ते विचारू नकोस, तरी सांगते. तिचा बाप गेला तेव्हा ती सात वर्षांची होती. दाराबाहेर बॅगा, आणि ही आत चेलो वाजवत बसलेली, कारण मी सांगितलं होतं वाजवत राहा. मग तू गेलास. मग बाबा. मी भिंतीवरच्या हत्यारांसारखी जागच्या जागी. ती सकाळी वरच्या खोलीत सूर जुळवते आणि मी खाली कान देऊन सांगते, दुसरी तार उतरलीय. ते बंद झालं तर मी कोणाला सांगणार की दुसरी तार उतरलीय? हे एवढंच आहे. याच्यासाठी मी तिच्या छातीत भीती घातली. तुझ्या हाताने घातली, कारण माझा हात स्वच्छ राहायला हवा होता.

पहिल्या पत्रात 'दोन शब्द सांग म्हणाले होते' असं मी लिहिलं. तुलाच लिहिलं, ज्याने ते शब्द ऐकले होते. माणूस किती खोटं बोलू शकतो बघ, ज्याला खरं माहीत आहे त्याच्याशीसुद्धा.

तू वक्री झालास असं मी सात वर्षं गावभर सांगत आले. ते आता मागे घेत नाही, तुझ्यावरचा राग आहे तो आहेच. पण दिवा घेऊन मधल्या स्टुलावर बसायला कुणी राहिलं नाही, म्हणून कोण कुठे चाललंय ते आपल्याला कळेनासं झालंय.

तू तिला काही लिहू नकोस. मी सांगते.

ताई

&nbsp;

२३ फेब्रुवारी

खुंट्या,

आज घरातलं नाव लिहिलं. सगळ्या खुंट्या पिळून ठेवायचास म्हणून बाबांनी ठेवलेलं. राग संपलाय असा अर्थ काढू नकोस.

सांगितलं तिला. सतराला सांगायचं ठरवलं होतं, अठराला सांगितलं. चेलोच्या छातीला आतून लाकडाची बारीक ठिगळं लावत होते, चिरेवर आडवी, आठ. तिला म्हटलं, खाली ये, आरसा धर, चीर बाहेरून नीट बसतेय का ते दिसू दे. ती आली आणि आरसा धरला. कामात माणसाकडे बघावं लागत नाही. पहिल्या ठिगळाला वही सांगितली, सहा-चाळीस, सव्वादोन. तिसऱ्यापर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाली, "म्हणजे मामाने चेलोची कुंडली काढली?" आणि हसली. पंधरा दिवसांनी हसली. मी तिथेच थांबू शकले असते. तिला सगळं मिळालं होतं, मला काही झालं नसतं, आणि तू बिचारा विसरभोळा ठरला असतास.

चौथ्या ठिगळाला सांगितलं की मामा विसरला नव्हता. पाचव्याला सांगितलं, मी फोन केला होता.

आरसा हलला नाही. आठही ठिगळं लागेपर्यंत तिने तो तसाच धरला. मग खाली ठेवला आणि विचारलं, "तू डॉक्टरकडे नेलंस तेव्हा तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हो, फोन केलेला माहीत होतं, तो छातीचं लिहील हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "दवाखान्यात तू माझा हात धरला होतास." मी हो म्हटलं. ती वर गेली.

दोन दिवस नुसती जेवायला यायची, भांडं घासून ठेवायची, जायची. वीस तारखेला सकाळी मी मास्तरांकडे जायला निघाले, नाव खोडू नका सांगायला, तर दारातच म्हणाली, "मी सांगून आले काल. तू जाऊ नकोस कुठे."

परवा छाती परत चिकटवून चेलो बंद केला, काल सकाळी तारा चढवल्या. आतला दांडा माझ्याकडून दोनदा पडला. ती खाली आली. खुर्ची ओढली, चेलो घेतला, छातीला लावला, बरं का, छातीलाच. आणि मोकळ्या तारेवर गज ओढला, खालच्या, सगळ्यात जाड. आधी घोगरा, अडखळत, मग बसला. चीर होती तिथे काही खरखर नाही. मी म्हटलं, दुसरी तार उतरलीय. तिने पिळली. पुढचा तुकडा वाजवला तो परीक्षेचा. शेगडीवर सरस होता, त्याची वाफ डोळ्यांत गेली, मी मागे जाऊन खिडकी उघडली.

आज सकाळच्या बसने गेली. स्टँडवर येते म्हटलं तर म्हणाली नको. मी पेटी दारापर्यंत उचलली, तिने ती माझ्या हातातून घेतली. म्हणाली, "आल्यावर बोलू. मला अजून खूप बोलायचंय तुझ्याशी, आणि चांगलं नाही बोलणार." मी म्हटलं, बोल. ती 'आल्यावर' म्हणाली, एवढं मी धरून ठेवलंय. निवडली गेली तर पुढच्या सत्रात कायमचीच जाईल, हेही मला माहीत आहे. जाऊ दे. पत्रिका जा म्हणते ना, मग जाऊ दे, पण ती पत्रिका म्हणते म्हणून नाही.

ती गेल्यावर मी बाबांची वही काढली. चेलो परत बोलता झाला की नोंद करायची, ही दुकानाची रीत, मोडलेलं वाद्य दुरुस्त झालं तरी. कालची नोंद राहिली होती. पान उघडलं तर ती आधीच केलेली. तिच्या अक्षरात, आजोबांच्या ओळीच्या खालीच, मधे सतरा वर्षं सोडून:

'२२ फेब्रुवारी, सकाळी ११.२०. पोरगी परत रडली.

११.२५. आई रडली.'

मी तुला वर वाफेचं लिहिलंय, ते खोडत नाही, असू दे. या दोन्ही वेळा तुला कळवतेय. मांडायच्याच असतील तर या मांड, आणि या वेळी ज्याची वेळ त्यालाच लाव. पाच मिनिटांचा फरक आहे. लग्न एकच येईल, सा एकच लागेल.

ताई